तानीबाईच्या नावाची बाटली

सुनेत्रा मडावी पीएच.डी.साठी ओहायोला आली आणि पहिल्याच आठवड्यात नागपूरची ठरली. तसं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ओहायोतल्याच डब्लिन गावात ज्या घराचं बेसमेंट तिनं भाड्यानं घेतलं होतं, त्या घरच्या वसुधाकाकूंचं माहेर नागपूरचं, धरमपेठेतलं. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काकूंनी तिला खांद्याला धरून पुढे केलं आणि चारचौघींना सांगितलं, "ही सुनेत्रा. आमच्या नागपूरची. फूड सायन्समध्ये रिसर्च करतेय." सुनेत्रानं मान हलवली. नागपुरात ती वसतिगृहात राहून शिकली होती, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. आपलं गाव गडचिरोलीच्या जंगलात आहे, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे, आणि आपण गोंड आहोत, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

काकू चांगल्या होत्या. भाडं नावापुरतं घ्यायच्या, रविवारी वर जेवायला बोलवायच्या. त्यांचे यजमान हेमचंद्रकाका तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले होते. फॅमिली रूमच्या कोपऱ्यात त्यांनी हौसेनं बार केला होता. काचेमागे ओळीनं सिंगल मॉल्ट व्हिस्कीच्या बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीची काकांकडे एक गोष्ट. ही स्कॉटलंडच्या कुठल्या बेटावरची, तिथलं पाणी कसं, तिथे जळणाला माती कशी वापरतात आणि तिचा धूर चवीत कसा उतरतो. शनिवारी मित्र जमायचे, गोष्टी व्हायच्या, बाटल्या रिकाम्या व्हायच्या. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

सुनेत्राच्या विभागात आंबवण्याच्या मोठ्या टाक्या होत्या. त्या सांभाळणारा तंत्रज्ञ म्हणजे रॉस, साठीकडे झुकलेला, दाढीवाला, कमी बोलणारा गृहस्थ. त्याचे पूर्वज स्कॉटलंडहून आलेले. घरी गॅरेजमध्ये तो जुन्या पद्धतीची एल करायचा. एल म्हणजे बीअरचीच थोरली बहीण, पण रॉसच्या बीअरमध्ये हॉप्स, म्हणजे बीअरला कडूपणा देणारी फुलं, नसत. "हॉप्स ही नंतरची भानगड," तो म्हणायचा. "त्याआधी लोक आपल्या माळावर जे उगवायचं ते घालायचे." त्याच्या पूर्वजांच्या माळावर हेदर उगवायचं. गुडघ्याएवढं झुडूप, त्याला बारीक जांभळी फुलं. ती वाळवलेली फुलं तो पोस्टानं मागवायचा. जोडीला यारो नावाच्या रानवनस्पतीची पानं आणि दलदलीत वाढणाऱ्या एका झुडपाचे उग्र वासाचे कोंब.

एका शनिवारी सकाळी त्यानं विभागातल्या मुलांना गॅरेजमध्ये बोलावलं. बाकीची मुलं आधीच्या खेपेची चव घ्यायला गेली होती. सुनेत्रा पातेल्यापाशी उभी राहिली. भिजवलेल्या सातूचं गोड पाणी मोठ्या पातेल्यात रटरटत होतं. रॉसनं कागदी पिशवी उघडली, ओंजळीनं फुलं घेतली आणि वाफेत सोडली. मग लाकडी पळीनं सावकाश ढवळू लागला.

वास तसा काहीच ओळखीचा नव्हता. गावाकडच्या मोहफुलांचा वास दाट, अंगावर येणारा, कपड्यांत दोन दिवस राहणारा. हा हलका होता, वाळल्या गवतासारखा, थोडा मधासारखा. पण ओंजळीनं फुलं सोडणारा हात तिनं पाहिला, आणि तोंडातून शब्द निघून गेले.

"माझी आई फुलांची दारू काढते," ती म्हणाली.

कित्येक वर्षांत हे वाक्य तिनं उच्चारलं नव्हतं. आता हा काय म्हणतो म्हणून ती पळीकडे बघत राहिली.

रॉसनं ढवळणं थांबवलं नाही. "चांगली होते?" त्यानं विचारलं.

सुनेत्राला हसू फुटलं. आजवर ज्यांना ज्यांना हे कळलं होतं, त्यांतल्या एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता.

"खूप चांगली होते," ती म्हणाली.

विचारायचे ते प्रश्न पोलिसांनी विचारले होते. सुनेत्रा तेव्हा पाचवीत होती. चुलतभावाचं लग्न होतं. लग्न म्हटलं की पेनांना, म्हणजे त्यांच्या देवांना, मोहाची धार दिल्याशिवाय मांडवाचा खांब रोवता येत नाही. तिची आई, तानीबाई, हे काम अख्ख्या टोल्यासाठी, म्हणजे वस्तीसाठी, करायची. विकायची नाही. उलट बाहेरचा एक ठेकेदार बाटलीतली दारू गावात आणू लागला आणि सुनेत्राचा धाकटा काका त्या बाटलीपायी गेला, तेव्हा त्या ठेकेदाराची जीप अडवायला बायकांच्या पुढे तानीबाईच होती. पण जिल्ह्यात दारूबंदी होती, आणि शिपायांना मडकं दिसलं की मडकं फोडायचं एवढंच माहीत. त्यांनी भट्टी लाथाडली, आंबवलेल्या फुलांचा सडवा अंगणात ओतला, आणि तानीबाईला गाडीत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी सुनेत्राचे वडील राजाराम मडावी, आश्रमशाळेतले मास्तर, जाऊन तिला सोडवून घेऊन आले. त्या उन्हाळ्यातच त्यांनी मुलीला नागपूरच्या वसतिगृहात टाकलं, आणि बस सुटायच्या आधी खिडकीशी येऊन बजावलं, "आईचं तिथे काही सांगायचं नाही."

तिनं सांगितलं नाही. पण सहावीत गावाकडची एक मुलगी वसतिगृहात आली, तिनं सांगितलं. मग वर्षभर मुली तिच्या अंथरुणाशी येऊन हुंगून बघायच्या आणि नाकं दाबून पळायच्या. त्यानंतर सुनेत्रा इतकी गप्प झाली की गप्प राहणं हा तिचा स्वभावच आहे, असं लोकांना वाटू लागलं.

रॉसच्या गॅरेजातून निघताना ती म्हणाली, "मला एक खेप करायचीय. माझी स्वतःची."

हेदर रॉसनं दिलं. बाकीचं तिनं स्वतः ठरवलं. यारो कमी घेतली, उग्र कोंब वगळले, आणि आई फुलांबरोबर करायची तसा थोडा आल्याचा ठेचा घातला. पाणी गार करून यीस्ट टाकलं आणि ते सगळं मोठ्या काचेच्या बुधल्यात भरून बेसमेंटमध्ये आणून ठेवलं, कारण तिथे गारवा होता. बुधल्याच्या तोंडाला पाणी भरलेली नळी. तिसऱ्या दिवसापासून ती नळी बुडबुड वाजू लागली.

वसुधाकाकू लॉन्ड्रीसाठी खाली आल्या आणि थबकल्या. "हे काय गं वाजतंय?"

"बीअर आहे काकू. फुलांची."

"बीअर?" काकूंनी जिन्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "अहो, जरा खाली या."

काका आले, बुधल्यापाशी वाकले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "हेदर एल? अगं, ही स्कॉटलंडची फार जुनी चीज आहे. वसुधा, ही साधी बीअर नाही. हे हेरिटेज आहे." मग त्यांनी काकूंना हेदरची गोष्ट सांगितली. काकूंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. स्कॉटलंडची म्हटल्यावर वस्तू घरात राहायला हरकत नव्हती.

काका रोज खाली येऊन बुडबुडे बघून जाऊ लागले. बाटल्या भरायला त्यांनी हौसेनं मदत केली. आणि एल पिण्याजोगी झाली तसं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं, की येत्या शनिवारी सगळ्यांना पाजायची.

त्या शनिवारी सात-आठ जोडपी होती. काकांनी उंच पेल्यांत एल ओतली. रंग तांब्याच्या भांड्याला उजेडात येतो तसा. पहिला घोट घेऊन मनोहर म्हणाले, "वॉव." मनोहर हे काकांचे जुने मित्र, एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावरचे इंजिनियर आणि मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी आणखी एक घोट घेतला. "सुनेत्रा, फॅन्टॅस्टिक झालीये. कुठे शिकलीस गं? लॅबमध्ये?"

"थोडं लॅबमध्ये," सुनेत्रा म्हणाली. "पण मुळात आईकडून."

"आई बीअर करते?"

आता इथे सावरून घेता आलं असतं. तिला ते चांगलं येत होतं. पण हातात पेला होता, तो तिनं स्वतः भरला होता, आणि खोलीतला प्रत्येक माणूस त्याची तारीफ करत होता.

"नाही. मोहाची दारू काढते."

खोलीतली बोलणी एकदम थांबली नाहीत. एकेक करून थांबली. मनोहर हसले. "म्हणजे हातभट्टी?"

"भट्टीच. हातानंच लावतात."

"गंमत करते हो ती," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "चला, पानं घेतलीयेत. गरम आहे तोवर बसा."

"गंमत नाही काकू," सुनेत्रा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती थांबलीही नाही. "आमच्याकडे लग्नाला, बारशाला, मयताला मोहाची धार लागते. आई ती काढायची. त्यासाठी तिला ठाण्यात नेलं होतं. पातेल्यात फुलं किती घालायची आणि कधी घालायची, हे मी तिच्याकडे बघून शिकले. लॅबमध्ये फक्त त्याला काय म्हणतात ते कळलं."

मनोहरांनी पेला टेबलावर ठेवला. फार काही नाही, नुसता ठेवला. पण त्यांचं पाहून आणखी दोघांनी ठेवला. जेवणं झाली. गुलाबजाम चांगले झालेत असं सगळे एकमेकांना सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चहा घेऊन खाली आल्या. बेसमेंटमध्ये चहा आणण्याची ही पहिलीच वेळ. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी सुनेत्राच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुला वाटत असेल काकूंना आत्ताच कळलं. अगं, मडावी आडनाव ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं. मी नागपूरची आहे. पण मी कधी काही म्हटलं? कुणाला सांगितलं?"

"नाही."

"मग? तू हुशार आहेस, इथवर आलीस, मला अभिमानच आहे तुझा. पण हे सगळं लोकांना सांगायची गरज आहे का? लोक कसे असतात माहितीये ना. मनोहर सेक्रेटरी आहेत. गुढीपाडव्याला स्टुडंट्सचा सत्कार आहे, मी तुझं नाव दिलंय. मी त्यांना फोन करून सांगते की आई गृहिणी आहे, हिनं आपली गंमत केली. विषय संपला."

सुनेत्रानं चहाचा कप खाली ठेवला. काकूंचा हात अजून गुडघ्यावर होता, ऊबदार, आणि त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच बोलणं जड गेलं.

"काकू, म्हणजे तुम्ही मला लपवून ठेवलंत. माझ्यासाठी."

"लपवून काय गं, सांभाळून घेतलं."

"मला नको सांभाळून घ्यायला. आणि सत्कारही नको. आई गृहिणी आहे, असं तुम्ही सांगितलंत तर मी त्याच कार्यक्रमात उठून सांगेन की नाही, ती दारू काढते."

काकूंनी हात काढून घेतला. "मग तो बुधला तरी घरातून हलव," त्या म्हणाल्या. "मला तो रोज डोळ्यांसमोर नको."

"बुधला हलवते. त्याच्याबरोबर मीही जाते."

काकूंना हे अपेक्षित नव्हतं. जिना चढताना त्या मध्येच थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

विभागातल्या उत्तरा नावाच्या मुलीच्या अपार्टमेंटमध्ये एक खोली रिकामी होती. रॉस ट्रक घेऊन आला. सुनेत्राचं सामान दोन सुटकेसा, एक तांदळाचं पोतं, बुधला आणि उरलेल्या बाटल्या, एवढंच. काका दारात उभे होते. "अगं, असं एकदम जायचं काय," म्हणाले. बुधल्याचं एक टोक धरून तो ट्रकमध्ये चढवायला त्यांनी मदत केली, तेवढंच.

नव्या खोलीतून तिनं गावाकडे फोन लावला. आईवडील आता तालुक्याच्या गावी राहत होते, घरी फोन होता. ओहायोत सकाळ होती, तिकडे दिवेलागण. तिनं वडिलांना झालं ते सगळं सांगितलं.

राजाराम मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गप्प राहायला काय लागत होतं तुला? एवढी वर्षं राहिलीस."

"म्हणूनच बाबा. एवढी वर्षं राहिले."

"तुझं शिक्षण बुडेल."

"शिक्षण त्यातच चाललंय. तिकडे ज्यासाठी आईला नेलं, त्यावर इथे मला स्टायपेंड देतात."

पलीकडे खडखड झाली. आईनं रिसीव्हर ओढून घेतला होता. तानीबाई फोनवर नेहमी ओरडून बोलायची, अमेरिका लांब आहे म्हणून. ती गोंडीत बोलू लागली आणि सुनेत्राही गोंडीत उत्तर देऊ लागली. शेजारच्या खोलीतून उत्तरानं डोकं बाहेर काढलं, कारण सुनेत्राचा इतका मोठा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

"कसली फुलं म्हणालीस?"

"इथली आहेत. जांभळी, बारीक."

"गोड असतात?"

"नाही. गोडवा धान्याचा. फुलं वासाला."

"मग ती फुलं काय कामाची," तानीबाई म्हणाली. मग जरा विचार करून, "भट्टी लावतेस?"

"भट्टी नाही. भट्टी लावली तर इथेही पकडतात. नुसतं आंबवायचं. त्याला इथे परवानगी आहे."

"कमाल आहे. आणि पितात लोक?"

"पितात. आई, मी बाटलीवर तुझं नाव लिहिणार आहे."

"माझं कशाला? पोलीस वाचतील."

"इथे कुणी येत नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग मोठं लिही," तानीबाई म्हणाली.

पुढची खेप सुनेत्रानं थंडीत केली आणि बाटल्या भरल्या तेव्हा लेबल छापून आणलं. वर देवनागरीत, खाली इंग्रजीत. सगळ्यात ठळक अक्षरं नावाची: तानीबाई मडावी. त्याखाली लहान अक्षरांत: 'मोहाची दारू काढणारी, जिल्हा गडचिरोली. तिच्या मुलीनं ओहायोत केलेली हेदरची एल.' रॉसनं एक बाटली घेतली, देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि गॅरेजमधल्या फळीवर आपल्या बाटल्यांच्या रांगेत ठेवली. विभागात काही मुलांनी नेली. सुनेत्राच्या गाईडबाईंनी एक नेली आणि सोमवारी येऊन मोहाबद्दल इतके प्रश्न विचारले की अर्धा तास मीटिंग मागे पडली.

पाडव्याचा सत्कार झाला. सुनेत्राचं नाव यादीत नव्हतं. ती गेलीही नाही.

मार्च संपत आला तेव्हा एका दुपारी वसुधाकाकू अपार्टमेंटच्या दारात उभ्या. हातात डबा. "पुरणपोळ्या आहेत," म्हणाल्या. "बसू का?"

बसल्या. खोली पाहिली, खिडकी पाहिली. मग कामाचं बोलल्या. "काकांची सत्तरी आहे येत्या शनिवारी. त्यांनी तुझी ती एल मागितलीये. चार-सहा बाटल्या असतील तर. आणि तू यायचं आहेसच."

"आहेत की." सुनेत्रानं कपाट उघडून एक बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

काकूंनी चष्मा लावून लेबल वाचलं. दोनदा वाचलं. "छान छापलंय," त्या म्हणाल्या. "हे निघतं ना? मी घरी जाऊन गरम पाण्यात ठेवीन. माझे लोणच्याचे डबे मी तसेच करते, पटकन सुटतं."

"मग नका नेऊ काकू."

काकूंनी चष्मा काढला. राग आला असता तर सोपं गेलं असतं, पण त्या नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. "मी इथे बँकेत लागले तेव्हा तिथल्या लोकांना वसुधा म्हणता येईना," त्या म्हणाल्या. "मग म्हणायला लागले सू. सत्तावीस वर्षं मी सू होते. निरोपाच्या केकवरसुद्धा सू लिहिलं होतं. मी चालवून घेतलं. भांडून काय मिळालं असतं मला?"

सुनेत्राला त्यांची कणव आली. पण कणव आली म्हणून मागे सरायचं, हे तिनं आयुष्यभर केलं होतं. वडिलांच्या बाबतीत, वसतिगृहाच्या बाईंच्या बाबतीत, खुद्द काकूंच्याही बाबतीत.

"मला माहीत नाही काकू," ती म्हणाली. "तुम्ही भांडून बघितलंच नाहीत."

काकू उठल्या. डबा ठेवून गेल्या, बाटली तिथेच राहिली.

शनिवारी दुपारी सुनेत्रा काकांच्या घरी गेली. उत्तरानं तिला गाडीनं सोडलं. तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं, आत सहा बाटल्या. दार काकूंनीच उघडलं. त्यांची नजर खोक्यावर गेली. त्या बाजूला झाल्या. सुनेत्रा सरळ फॅमिली रूममध्ये गेली, काकांना वाकून नमस्कार केला, आणि बारवर त्यांच्या सिंगल मॉल्टच्या बाटल्यांपुढे आपल्या सहा बाटल्या मांडल्या. लेबलं सगळ्यांना दिसतील अशी.

पाहुणे तेच होते. मनोहर बाटलीपाशी आले, वाकले, आणि वाचू लागले. पहिल्यांदा मनात, मग नकळत मोठ्यानं. "मोहाची दारू काढणारी, जिल्हा गडचिरोली." शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज बारीक झाला, कारण खोली ऐकत होती. ते सुनेत्राकडे वळले. "पण हे लीगल आहे ना?"

"इथे आहे," सुनेत्रा म्हणाली. "तिथे नव्हतं. पण तिथली जास्त चांगली व्हायची."

कुणी हसलं नाही. काका सोफ्यावरून उठले. नव्या सदऱ्याची घडी सावरत बारपाशी आले, एक बाटली उचलली, आणि ती उजेडात धरून लेबल वाचलं. ओपनर शोधायला त्यांना वेळ लागला. बूच उघडलं तसा फेस वर आला. त्यांनी आपल्या पेल्यात ओतली, एक घोट घेतला.

"सुनेत्रा," ते म्हणाले, "आईंचं नाव कसं म्हणायचं गं? तानी की ताणी?"

"तानी. तानीबाई."

"तानीबाई," काका म्हणाले. त्यांनी पेला वर केला नाही, भाषण केलं नाही. बाटली घेऊन फिरले आणि ज्यानं पेला पुढे केला त्याला ओतत गेले. चौघांनी घेतली. मनोहरांनी घेतली नाही. त्यांनी व्हिस्की घेतली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाकीच्यांनी आज पीत नाही असं सांगितलं. सुनेत्रा कोण घेतं आणि कोण घेत नाही ते पाहत राहिली. तिला वाटलं होतं की न घेणाऱ्यांचं वाईट वाटेल, पण तसं काही झालं नाही.

आतून कढईचा चरचराट येत होता. या घरात राहत असताना पाहुणे जमले की सुनेत्रा ओढणी खोचून आत जायची आणि पुऱ्या लाटायला बसायची; कुणी सांगायचं नाही, पण ती जायची. काकूंनी दारातून एकदा तिच्याकडे पाहिलं. सुनेत्रानं एक बाटली उघडली, पेला भरून घेतला, खोलीच्या मधोमध काकांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि ती तिथे बसली.